गॅलरीतलं जंगल: ओजिमात वाढवलेलं होतोतोगिसु

मंडळी, आधी एक कोडं. आमच्या ओजिमाच्या घरात दक्षिणेकडे गॅलरी आहे. तिथे भिंतीजवळच्या कुंडीत सावलीत वाढणारं एक झाड एप्रिलपासून मजेत होतं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, पारा ३५ अंशांवर जाऊन आला, तरी पान हललं नाही. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जरा हवा बरी व्हायला लागली असं वाटत असताना, सगळी पानं कडेने तपकिरी आणि पापडासारखी कुरकुरीत झाली. पाणी रोज घालत होतो. कीड नव्हती. मग कडक उन्हाळा सोसलेलं झाड सप्टेंबरात का करपलं?

झाडाचं नाव होतोतोगिसु, शास्त्रीय नाव ट्रायसर्टिस हिर्टा. लिलीच्या कुळातलं, मूळचं जपानचंच. होतोतोगिसु हा खरं तर कोकिळेच्या कुळातला एक पक्षी. त्याच्या छातीवर जशा खुणा असतात तसे जांभळे ठिपके या फुलावर असतात, म्हणून फुलालाही तेच नाव पडलं. इंग्रजीत याला टोड लिली म्हणतात. त्यांना ठिपके बघून बेडूक आठवला! जपानी नाव जास्त न्याय करतं असं माझं मत. चहाच्या विधीच्या खोलीत शरद ऋतूत ठेवायच्या फुलांमध्ये याला मान आहे. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या दिवसांत कळलावी फुलते, साधारण त्याच सुमारास किंवा थोडं पुढे, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे फुलतं.

जंगलात ते ओढ्याकाठच्या ओलसर उतारांवर, कातळाच्या कपारीत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. ओजिमा म्हणजे याच्या अगदी उलट. सुमिदा आणि अराकावा या नद्यांमधला सपाट, सखल भाग. कारखान्यांनी जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे इथली जमीन खचली आणि काही भाग तर समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली गेला. वर सगळीकडे काँक्रीट. तरीही उंच इमारतीतली दक्षिणमुखी गॅलरी हे या झाडासाठी बऱ्यापैकी जंगल आहे, आणि कोड्याचं उत्तरही तिथेच आहे.

टोकियोचा अक्षांश सुमारे ३५.७ अंश. २१ जूनला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ७८ अंशांवर असतो, म्हणजे डोक्यावरच. २१ डिसेंबरला तो जेमतेम ३१ अंशांवर असतो. आता तुमच्या गॅलरीवर वरच्या मजल्याच्या गॅलरीचं छत आहे असं समजा: उंची अडीच मीटर, गॅलरीची खोली सव्वा मीटर. जूनमध्ये दुपारचं ऊन कठड्यापासून फक्त अर्धा मीटर आत येतं, त्यामुळे भिंतीजवळची कुंडी सावलीतच राहते. डिसेंबरात तेच ऊन चार मीटर आत, थेट बैठकीच्या खोलीत शिरतं. (मुंबई-पुण्यात तर जूनमध्ये सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा दुपारी ऊन येतच नाही. तिकडच्या घरी हे सहज पडताळता येईल.)

उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. पानगळीच्या जंगलात जमिनीवर नेमकं हेच होतं. उन्हाळ्यात वर पानांचं छत असतं आणि हिवाळ्यात ते गळून पडतं. म्हणजे सिमेंटचा स्लॅब तुम्हाला फुकटात जंगलाचं वेळापत्रक देतो.

पण एक फरक आहे. या भागातल्या जंगलात झाडं पानं गाळतात ती साधारण नोव्हेंबरात. स्लॅब मात्र कॅलेंडर बघत नाही, फक्त सूर्याची उंची बघतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य ६५ अंशांपर्यंत खाली येतो आणि ऊन सव्वा मीटर, म्हणजे थेट भिंतीपर्यंत पोहोचतं. २० एप्रिलच्या आसपासही सूर्य इतक्याच उंचीवर असतो, पण तेव्हा हवा थंड असते आणि पानं कोवळी असतात, त्या उन्हातच घडत असतात. ऑगस्टअखेर मात्र सूर्य एप्रिलचा आणि उकाडा जुलैचा. आमच्या स्लॅबने जंगलापेक्षा दोन महिने आधीच पानगळ केली, असं म्हणा ना.

आता पानाकडे बघू. सावलीत घडलेलं पान रुंद आणि पातळ असतं. त्याचा संसार काटकसरीचा: स्वतःला चालवायला ऊर्जा कमी लागते, म्हणून थोड्या प्रकाशातही त्याचं भागतं. पण प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाही बेताचीच असते. प्रकाश एका मर्यादेपुढे वाढला की पान तो शोषून घेतं, पण वापरू शकत नाही. त्या जास्तीच्या ऊर्जेतला काही भाग उष्णता म्हणून टाकून देण्याची सोय पानात असते. ती सोय अपुरी पडली की ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात आणि हरितद्रव्याच्या यंत्रणेचीच मोडतोड करतात. त्यात कुंडीतली मुळं तापलेली, पाणी वर चढायला वेळ लागतो, पानाच्या कडा आधी सुकतात. आणि पूर्ण वाढलेलं सावलीचं पान नंतर उन्हाचं पान होऊ शकत नाही. त्यासाठी नवीन पानंच यावी लागतात. होतोतोगिसु सप्टेंबरात नवीन पानं काढत बसत नाही, त्याला कळ्यांची घाई असते.

उपाय अगदी साधा निघाला. इथल्या होम सेंटरमध्ये ‘सुदारे’ मिळतो, आपला चिकाचा पडदा. लोक तो जुलैत लावतात आणि ऑगस्ट संपला की गुंडाळून ठेवतात. या झाडासाठी तुम्ही उलट करा: २० ऑगस्टच्या सुमारास लावा आणि ऑक्टोबर सरेपर्यंत ठेवा. वादळाचा इशारा आला की मात्र सुदारे आणि कुंडी दोन्ही आत. आणि शेजारच्या गॅलरीला लागून जो पातळ पडदीवजा फळा असतो, त्याच्यासमोर कुंड्या रचू नका. आग लागली तर तो फोडून पलीकडे जायची ती वाट आहे.

मातीबद्दल थोडंसं. अकादामा, कानुमा आणि पानांचं कुजलेलं खत (इथे पिशवीवर ‘फुयोदो’ लिहिलेलं असतं) हे मिश्रण चांगलं चालतं. कानुमा म्हणजे अकागी ज्वालामुखीच्या सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातला सच्छिद्र दगड. तो ओला असताना पिवळा दिसतो आणि सुकला की पांढुरका होतो, म्हणजे पाणी कधी घालायचं ते रंगावरूनच कळतं. झाड फार उंच होऊन लवत असेल तर मे-जूनमध्ये शेंडे खुडा. ते शेंडे ओल्या कानुमात खोचले तर मुळंही धरतात. डिसेंबरात वरचं सगळं वाळून जाईल. कृपा करून कुंडी फेकू नका! खाली कंद जिवंत असतो. अधूनमधून पाणी घालत राहा, मार्चमध्ये कोंब दिसतील.

फूल आलं की भिंग घेऊन बसा. सहा पाकळ्यांपैकी बाहेरच्या तिघींच्या तळाशी एकेक फुगीर पिशवी असते, त्यात मध. ट्रायसर्टिस या ग्रीक नावाचा अर्थच ‘तीन फुगवटे’. मधोमध खांब, त्याच्या टोकाला कारंज्यासारखे वाकलेले पुंकेसर. मधासाठी आलेली भुंग्याएवढी मोठी केसाळ मधमाशी या छत्रीखालून गोल फिरते आणि वरून तिच्या पाठीवर पराग सांडतो. पहिल्यांदा फक्त पुंकेसर वाकलेले असतात. पराग देऊन झाला की स्त्रीकेसराच्या फांद्या खाली झुकतात आणि दुसऱ्या फुलावरून आलेल्या माशीच्या पाठीवरचा पराग टिपतात. एकच फूल आधी नर, मग मादी. शेजारची दोन फुलं एक दिवसाच्या अंतराने उमललेली असतील तर दोन्ही अवस्था एकदम दिसतात.

रोप विकतच घ्या. दुकानात तैवानच्या भाईबंदाशी झालेले संकर बरेच असतात, ते कुंडीत चिवटही असतात. अस्सल रानातली मंडळी बघायची तर ओजिमाहून तोएई शिंजुकू लाईन पकडा. ती शिंजुकूनंतर केइओ लाईनला जोडलेली आहे, आणि तिथून ताकाओ डोंगराच्या पायथ्याशी जाता येतं. सप्टेंबरात ओलसर पायवाटांच्या कडेला या कुळातल्या जाती दिसतात. फोटो काढा, हात लावू नका. कातळांवरून लोंबणारी पिवळ्या फुलांची जी भावंडं दक्षिणेकडे वाढतात, त्यांच्यातल्या काही जाती लोकांनी उपटून नेल्यामुळेच दुर्मिळ झाल्या आहेत.

शेवटचा प्रश्न मात्र अजून आमच्या घरात सुटलेला नाही. दुसऱ्या वर्षी पानं करपली नाहीत, पण जूनमध्ये त्यांना भोकं पडायला लागली. खाली बघितलं तर नारिंगी पट्ट्यांची, अंगभर पिवळट काटे असलेली अळी. दिसायला भयंकर, पण ते काटे विषारी नाहीत. ही रुरी-तातेहा फुलपाखराची अळी. पंख काळपट निळे, त्यांवर आकाशी पट्टा. तिला होतोतोगिसुची पानं प्रिय. हेच फुलपाखरू हिमालयात आणि सह्याद्रीच्या दक्षिण भागातही आहे, तिथे त्याची अळी स्मायलॅक्सवर, म्हणजे आपल्या घोटवेलीच्या गोतावळ्यातल्या वेलींवर वाढते.

मुलीचं म्हणणं, अळ्या ठेवायच्या. माझं म्हणणं, पानं गेली तर ऑक्टोबरात फुलं कुठून येणार? शेवटी दोन कुंड्या केल्या. एक कुंडी अळ्यांची आणि एक माझी. अळ्यांना हा करार कोणी वाचून दाखवलेला नाही, त्यामुळे रोज सकाळी चिमट्याने त्यांना त्यांच्या कुंडीत परत नेऊन सोडतो.