नर्मदेच्या माशाचा सय्यादिया

लेबनॉन-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यापासून तांबड्या समुद्रावरच्या जेद्दापर्यंत कोळ्यांच्या घरी एक भात शिजतो, सय्यादिया. कांदा करपायच्या बेतात येईपर्यंत परततात. त्यातच माशाची डोकी आणि काटे उकळतात, जिऱ्या-धण्याचा मसाला घालतात आणि त्या गडद पाण्यात तांदूळ शिजवतात. तळलेले तुकडे शेवटी वर मांडून लिंबू पिळतात. हा भात घडला समुद्राच्या माशासाठी. मणिबेलीच्या माशाला तो मानवेल का?

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे गाव. सरदार सरोवराचे पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी शिरले ते इथे, १९९३च्या पावसाळ्यात. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्याच पाण्याखाली गेले. नदी अडली की तिच्यातले मासेही बदलतात. वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागणारा महसीर मागे सरतो; संथ पाण्यात पोसणारे रोहू, कटला, मृगळ वाढतात. विस्थापित आदिवासींनी मच्छीमार सहकारी संस्था काढून या पाण्यावर आपला हक्क सांगितला. बुडालेल्या शेताची भरपाई मासा करू शकत नाही. पण तो आता तिथल्या माणसांच्या कष्टाचे उत्पन्न आहे, म्हणून त्याची चव महत्त्वाची.

समुद्राच्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड असते. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि हिवस वास सुटतो. हे अमाइन अल्कधर्मी असते. लिंबाच्या आम्लाशी त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. आखातातल्या स्वयंपाकात मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात काळी पडेपर्यंत वाळवलेली लिंबे माशाच्या भातात टाकतात, त्यांचेही एक काम हेच.

रोहू-कटल्यात हे संयुग फारच थोडे. त्यांच्याबाबत तक्रार असते ती मातकट वासाची. हा वास प्रामुख्याने जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येतो त्या वासातला मुख्य रेणू हाच. साचलेल्या पाण्यातले काही नील-हरित जिवाणू तो तयार करतात. मग तो माशाच्या कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि चरबीत साठतो. माणसाचे नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण आहे. लिटरभर पाण्यात दहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला, तरी अनेकांना तो जाणवतो.

इथेही आंबटच कामी येते, पण कारण निराळे. आम्लात जिओस्मिनच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि उरणाऱ्या अर्गोस्मिनला वास नसतो. स्वयंपाकातल्या सौम्य आंबटात हा बदल अर्धामुर्धाच होतो. म्हणून शेवटी पिळलेले लिंबू या माशाला पुरत नाही. सातपुड्यात चिंच हाताशी असते. तिचा कोळ तुकड्यांना आधीच चोळून ठेवावा.

दुसरी मदत कांद्याची. कांद्यात बहुतांश पाणीच. ते उडेपर्यंत कढईतले तापमान शंभर अंशांच्या आसपास अडते, कांदा नुसता मऊ होतो आणि आपला धीर सुटू लागतो. पाणी संपले की तापमान चढते, साखर आणि अमिनो आम्ले यांची माइयार अभिक्रिया वेग घेते, सोनेरी कडा तांबूस आणि मग गर्द तपकिरी होतात. नेमक्या त्या वेळी गरम पाणी ओतावे. तपकिरी रंग लगेच पाण्यात उतरतो. त्याचा खमंग वास उरलासुरला मातकटपणा झाकतो.

मूळ कृतीत एक बदल मात्र हवाच. तलावाच्या किंवा धरणाच्या माशाला मातकट वास येत असेल, तर त्याची कातडी आणि पोटाकडची चरबी भाताच्या पाण्यात घालू नका. जिओस्मिन तिथेच जास्त असते आणि तांदूळ ते पाणी सगळे पिऊन घेतो. डोक्याऐवजी नुसते काटे वीस मिनिटे उघड्या भांड्यात उकळा. माशातले कोलेजन मटणाच्या मानाने लवकर विरघळते, जास्त वेळ लागत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र स्वयंपाकघराबाहेरचा आहे. जिवंत मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला की जिओस्मिन आपोआप बाहेर पडते. त्यासाठी हौद, पाणी आणि वेळ लागतो, आणि त्याचा खर्च एकट्या मच्छीमारावर पडू नये. असा मासा चार पैसे जास्त मोजून घ्या.