शेपटी वर, डोकं पाण्यात! गोंदियाच्या तलावांवरची बदकं

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यात तीन गोष्टींची धांदल एकदमच उडते. बांध्यांमधून धानाची कापणी, गावोगावच्या मंडईच्या जत्रा आणि तलावांवर उतरणारी बदकं. पहिल्या दोन्हींना माणसांची गर्दी असते. तिसरीसाठी कार्तिकातल्या थंड सकाळी तलावाच्या पाळीवर फेरी मारावी लागते. शक्य असेल तर दुर्बीण घ्या, नसेल तरी चालेल. बदकं मोठी असतात आणि उघड्यावर बसतात, म्हणून पक्षी बघायला शिकणाऱ्यासाठी त्यांच्यासारखा गुरू नाही.

आधी तलावांचं. इथले बहुतेक जुने तलाव माणसाने बांधले आहेत. जो तलाव बांधील त्याला जमीन, असं गोंड राजांचं धोरण होतं आणि त्या बळावर कोहळी समाजाने डोंगरांच्या कुशी अडवून पाणी साठवलं. नवेगावबांधच्या तलावाचं श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. सुमारे 11 चौरस किलोमीटर पसरलेलं हे पाणी आज नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पुढे मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत आली, ती गेली आणि हे सारे ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून जास्त आहेत. बांधले धानासाठी, पण काठाकडे उथळ होत जाणारं पाणी, गाळ, पाणवनस्पती, देवधानाचे तुरे हे सगळं बदकांनाही नेमकं हवं असतं. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाला शेवटचं पाणी सुटलं की तलाव हळूहळू मागे सरकतो, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्याच सुमारास उत्तरेचे पाहुणे येऊन ठेपतात. शेतीचं वेळापत्रक आणि स्थलांतराचं वेळापत्रक इतकं जुळावं, हे मला दरवर्षी नव्याने विलक्षण वाटतं.

बुडी की डुबकी?

बदकांची ओळख नावांपासून नव्हे, जेवणापासून सुरू करा. काही बदकं नुसतं डोकं पाण्यात घालतात, शेपटी आभाळाकडे करतात आणि तळातलं खातात. तलवार बदक, चक्रांग, थापट्या, हळदी-कुंकू ही सगळी या पंगतीतली. यांना उथळ पाणी लागतं, म्हणून ती काठाजवळ सापडतात. लालसरी आणि शेंडी बदक मात्र अख्खी बुडी मारतात, दिसेनाशी होतात आणि भलतीकडेच वर येतात. त्यांची जागा मधल्या खोल पाण्यात. उडतानाही फरक कळतो. काठची बदकं पाण्यातून सरळ वर झेपावतात, बुडी मारणाऱ्यांना आधी पाण्यावरून धावावं लागतं.

थापट्याची चोच पुढे चमच्यासारखी रुंद असते. तिच्या कडांना बारीक दातेरी जाळी असते. तोंडात घेतलेलं पाणी त्यातून गाळून तो सूक्ष्म जीव आणि बिया मागे ठेवतो. कधी कधी थापटे घोळक्याने एकाच जागी गोल गोल फिरत राहतात. त्यांच्या पायांच्या हालचालीने खालचं खाद्य वर येतं आणि प्रत्येक जण पुढच्याच्या मागून ते गाळत जातो.

सगळ्या माद्याच कशा आल्या?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाहिलंत तर बाहेरून आलेली बदकं जवळजवळ सारखीच मातकट दिसतील. पुस्तकातल्या चित्रात नर केवढा देखणा आणि समोर मात्र सगळा तपकिरी थवा! कारण असं की वीण संपली की उत्तरेकडचे नर आपली रंगीत पिसं टाकून मादीसारखा साधा पोशाख चढवतात. याच काळात पंखांतली उड्डाणाची पिसंही एकदम झडतात आणि तीनचार आठवडे त्यांना उडताच येत नाही. झळाळता रंग घेऊन अशा वेळी पाण्यावर बसणं म्हणजे शिकाऱ्याला आवतण देणं. नवे पंख आले की ते दक्षिणेला निघतात आणि रंग हळूहळू परततो.

म्हणूनच शरदाच्या अखेरच्या फेऱ्या मोलाच्या. एकाच तलावावर आठवड्याआठवड्याने गेलात तर तलवार बदकाच्या मानेवरची पांढरी रेघ उमटत जाताना दिसेल, चक्रांगाचं डोकं तांबूस-हिरवं होताना दिसेल. थापट्याला जास्त वेळ लागतो. भुवई बदकाचा नर तर बराचसा हिवाळा साध्या कपड्यांतच काढतो.

एक डोळा उघडा

दुपारी मान पाठीवर वळवून झोपलेला थवा दिसला तर कडेच्या बदकांकडे बघा. त्यांचा एक डोळा उघडा असू शकतो. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा पहारा देतो. 1999 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅलार्ड बदकांवर हे तपासलं. कडेला झोपलेली बदकं मधल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवत होती आणि तो डोळा असायचा थव्याच्या बाहेरच्या बाजूला.

आवाजाचंही ऐका. खणखणीत ‘क्वॅक क्वॅक’ बहुधा मादीचं असतं. चक्रांगाचा नर बारीक शीळ घालतो. आणि सगळा थवाच शिट्ट्या मारत डोक्यावरून गेला तर ती अडई.

घरची मंडळी

पाहुण्यांच्या कौतुकात बारमाही बदकांकडे दुर्लक्ष नको. अडई झाडाच्या ढोलीत घरटं करते आणि फांदीवर आरामात बसते. काणूक जगातल्या सगळ्यात चिमुकल्या बदकांपैकी एक, लांबी जेमतेम 26 सेंटीमीटर. तीही ढोलीतच अंडी घालते आणि तिची पिल्लं उडता येण्याच्या कितीतरी आधी उंचावरून थेट खाली उडी घेतात. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपके. एकदा पाहिलं की दुसऱ्यांदा पुस्तक उघडावं लागत नाही.

आणि ते काळंभोर, पांढऱ्या कपाळाचं, घोळक्याने फिरणारं? तो वारकरी, आणि तो बदक नाहीच. त्याच्या बोटांमध्ये पडदा नसतो, प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालरी असतात. त्याचं नातं पाणकोंबडीशी.

हिमालय ओलांडून

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तानकडे वीण करतो. त्याला बसवलेल्या उपग्रह-यंत्रांतून कळलं की हिमालय ओलांडताना तो 7,000 मीटरच्या वरही जातो. परतीच्या वाटेवर डोंगराची मुख्य चढण सातआठ तासांत संपवतो, तीही वाऱ्याची मदत न घेता, बहुधा रात्री किंवा पहाटे. त्या वेळी हवा गार आणि दाट असते. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतून प्राणवायू अधिक घट्ट धरतं. असा प्रवासी काठावर निवांत गवत खुडत असेल तर त्याला उडवून फोटो काढू नका. ती ताकद त्याला फाल्गुनात लागणार आहे.

सारसाचं द्वंद्वगीत

बदकं बघायला गेलात आणि धुऱ्यापलीकडे माणसाएवढा राखाडी पक्षी दिसला, तर थांबाच. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच तो सारस. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदियाच्या धानपट्ट्यात उरला आहे, तोही मोजकाच. परसवाडा, झिलमिली हे त्याचे तलाव. नर-मादी चोची आभाळाकडे करून जोडीने गातात. नर पंख उचलून उभा राहतो आणि त्याच्या एका हाकेला मादीच्या दोन येतात. घरटं तो बहुतेकदा धानाच्या बांधीत करतो, म्हणजे त्याचं पिल्लू वाढणं हे थेट शेतकऱ्याच्या हाती. गोंदियातली ‘सेवा’ ही संस्था गेली कित्येक वर्षं शेतकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखते आहे.

तलावही कोणीतरी राखावे लागतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या बाया-माणसांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटलं आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. मासे वाढावेत म्हणून हे केलं. मासे वाढले, आणि पाखरंही आली.

तारखा लिहून ठेवा

5 नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, 12 नोव्हेंबरला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचा. 2020 पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. वन खात्यात असताना चितमपल्ली नवेगावबांधला राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातूनच आलं. ते जून 2025 मध्ये गेले. त्यांच्या तलावावर एक सकाळ घालवायला हा आठवडा उत्तम.

सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, म्हणजे रंग खरे दिसतात. भडक कपडे नकोत. बदकांनी माना ताठ केल्या की तुम्ही जास्त जवळ गेलात असं समजून मागे या. आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. तिच्यात कोणालाही भाग घेता येतो. सराव आत्तापासूनच करा. थव्यातली दहा बदकं मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा, मग तेवढ्याच पट्टीने दहा-दहा करत पुढे सरका.