गंजिफा पाहायला गेलो

गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे. 'रंग', 'रेषा', 'चित्रमय शैली' हे शब्द वर्गात रोज तोंडी असतात. पण एखादा चित्रकार प्रत्यक्ष चित्र काढत असताना त्याच्याजवळ मी कधी उभा राहिलो नव्हतो. म्हणून गेल्या सुटीत आम्ही सावंतवाडीस गेलो आणि "बाबा, राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळतात," असा कन्येने हट्ट धरला, तेव्हा मी जरा बिचकलोच. कलावंताच्या दारात उभे राहून बोलावे काय? काही विकत घेतले नाही तर बरे दिसेल का?

मोती तलावासमोरच्या त्या राजवाड्यात काही मंडळी खाली मान घालून रंगवीत होती. विद्वत्ता दाखवावी म्हणून मी विचारले, "ही चित्रे छापून वर रंग भरता ना?" तिथल्या ताई हसल्या. एक कोरी गोल चकती त्यांनी पुढे ओढली आणि बारीक कुंचल्याने एक रेघ काढली. बघता बघता तिचा मासा झाला. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे.

दशावतारी गंजिफांत प्रत्येक अवताराची 12 पाने असतात: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. दहा अवतारांची मिळून 120. म्हणजे एका जोडासाठी लहानमोठी 120 चित्रे, आणि पाठीचा रंग मात्र सर्वांचा अगदी एकसारखा, नाहीतर खेळात पान ओळखू यायचे! हा खेळ मोगलांबरोबर इकडे रुजला. बाबराने 1527 साली सिंधमध्ये गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली जोड 96 पानांचा. आपल्याकडे त्यात मत्स्य, कूर्म, वराह येऊन बसले.

बोलता बोलता मला आमचे कोकणातले घर आठवले. आजोबांच्या लाकडी पेटीत अशीच गोल पाने होती. आम्ही मुले पावसाळ्यात ती ओटीवर चाकांसारखी पळवीत असू. पुढे घराच्या दुरुस्तीच्या वेळी उरलेली पाने पेटीसकट मीच भंगारात दिली. तेव्हा मी एम.ए. झालेला होतो! हे मी ताईंना सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पाठीचा रंग कोणता होता हो?"

मला सांगता येईना. इतकी वर्षे ती पाने हाताळली, पण पाहिली नव्हती.

ही कलाही अशीच जायची होती. 1970 नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिच्यात लक्ष घातले, तेव्हा पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंत तेवढे उरले होते. राजाराणींनी त्यांच्यापाशी बसून विद्या घेतली आणि मग तरुण मुलामुलींना शिकवून कामाला बसविले. थोडा उशीर झाला असता तर गंजिफा पाहायला संग्रहालयातच जावे लागले असते.

निघताना एका जोडाची किंमत ऐकून माझा हात खिशावरच थबकला. सौ. हळूच म्हणाली, "मघाशी एक मासा व्हायला किती वेळ लागला, पाहिलात ना?" जोड घेतला.

वाचकहो, तुमच्या गावाजवळही मूर्तिकार, चितारी, कुंभार असतील. एकदा मुलांना घेऊन जा. खुशाल अज्ञानी प्रश्न विचारा. कुणी रागावत नाही. मात्र घाई करू नका. एक पान कोरे असल्यापासून पुरे होईपर्यंत तेथे बसा.

आता आमच्या घरी तिघांचा डाव पडतो, प्रत्येकी 40 पाने. नियम असा, की दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने. परवा ऐन दिवेलागणीला बसलो. माझ्याकडे राम, कन्येकडे कृष्ण. दिवस म्हणावा की रात्र, यावरून वाद पेटला. सौ. उठली, देवापाशी दिवा लावून आली आणि म्हणाली, "झाली रात्र!"

कन्येने पान टाकले.