शिसवी लाकूड पाण्यात किती बुडते?

माजघरातला जुना शिसवी पाट कधी उचलला आहे का? तेवढाच सागवानी पाट त्याच्यापुढे हलका लागतो. असे का?

सुताराकडून दोन्ही लाकडांचे वाळलेले, चपटे तुकडे आणा. ते पाण्यावर आडवे सोडून पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने लगेच खूण करा. जाडीच्या दहा भागांपैकी सागाचे सुमारे साडेसहा भाग बुडतील, शिसवाचे साडेआठ. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार हीच त्यांची विशिष्ट घनता: ०.६५ आणि ०.८५.

खरी गंमत पुढे आहे. लाकडातील पेशीभित्तिकांची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते आणि ती सर्व झाडांत जवळजवळ सारखीच! लाकूड तरंगते ते आतल्या पोकळ्यांतील हवेमुळे. ०.८५ ला १.५ ने भागा. शिसवाचा सुमारे ५७ टक्के भाग भरीव निघतो, सागाचा ४३ टक्के. म्हणूनच शिसव जड व टणक असते आणि रंधा मारून पॉलिश केल्यावर सुरेख चकाकते.

या पेशीभित्तिका हवेतील बाष्प शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. हा बदल लांबीत नगण्य, पण रुंदीत चांगलाच जाणवतो. पावसाळ्यात दार अडते ते यामुळेच. अहिल्यानगर जिल्ह्यातच पाहा. अकोले तालुक्यातील घाटघरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो, नगर शहरात त्याच्या जेमतेम आठव्या-नवव्या भागाइतका. ओलसर लाकडाचे कपाट नगरच्या उन्हाळ्यात तडकणारच! म्हणून जाणता सुतार लाकूड आधी सावलीत वाळवून मुरवतो.

शिसवाचा काळसर-जांभळा रंग फक्त आतल्या मध्यकाष्ठाचा असतो. बाहेरचे रसकाष्ठ फिकट असते. आतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांत रंगीत द्रव्ये साठतात. ती बुरशी आणि वाळवीला दूर ठेवतात. असा जाड गाभा तयार व्हायला कित्येक दशके लागतात. तोडायला मात्र एक दिवस पुरतो. बेसुमार तोडीमुळे २ जानेवारी २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने डालबर्जिया प्रजातीतील सर्व झाडांचा व्यापार नियंत्रणाखाली आणला. आपले शिसव त्यांतलेच.

तेव्हा जुना वाडा पाडताना काळी तुळई किंवा मोडका पाट निघाला, तर तो बंबात घालू देऊ नका. आधी पाण्यावर सोडून पाहा. तो साडेआठ भाग बुडाला, तर शिसव असण्याची शक्यता मोठी. त्याला रंधा मारला, की तो आणखी एक पिढी सहज टिकेल आणि जंगलातले एक झाड उभे राहील.