ट्यूबमधलं गोरेपण

गोरं करणारं क्रीम म्हणून घरोघरी जी छोटी ट्यूब वापरली जाते, तिच्याविषयी आज थोडं बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. पण बायका माझ्याशी मोकळेपणी बोलतात आणि त्या बोलण्यात ही ट्यूब वारंवार येते. कुणाला ती शेजारणीने सुचवलेली असते, कुणाला ब्यूटी पार्लरमध्ये, तर कुणाला औषधाच्या दुकानदाराने. पैसे थोडे आणि गुण आठ दिवसांत. मग डॉक्टरांकडे जातं कोण?

या झटपट गुणामागे पुष्कळदा स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड म्हणजे काही विष नव्हे. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी तशा प्रकारचं द्रव्य रोजच तयार करतात. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळालं. इसब, सोरायसिस अशा विकारांत डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस लावलेलं स्टिरॉइडचं मलम आजही गुणकारी आहे.

मग बिघडतं कुठे? हे मलम लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, दाह शमतो, रंगद्रव्य कमी तयार होतं. चेहरा उजळ दिसतो. त्यालाच आपण गोरेपण समजतो. महिनोन्‌महिने ते लावत राहिलं की कातडी पातळ होते. चेहऱ्याची कातडी तर मुळातच नाजूक. मग गालांवर लाल रेषा उमटतात, मुरमं येतात, लव वाढते, उन्हात आग होते.

आणि मलम थांबवावं, तर चेहरा आणखी लाल होतो. लग्न ठरलं म्हणून असं क्रीम लावू लागलेली नात्यातली एक मुलगी मला म्हणाली, "खाला, एक रात्र लावलं नाही तर चेहरा पेटतो." थांबवलं की त्रास, म्हणून पुन्हा लावायचं. हे व्यसनासारखंच झालं.

देशातल्या १२ केंद्रांत झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांपैकी २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करता येणार नाही असा नियम केला. पण चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि न आणणारं गिऱ्हाईक यांच्यामध्ये नियमाचं काय चालणार?

तेव्हा आपणच जपायला हवं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. नायट्यावरही असं मिश्र मलम मनाने लावू नका. खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. वर्षानुवर्षं लावत असाल, तर घाबरून एकाएकी टाकू नका आणि लपवूही नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते हळूहळू सोडवतात. त्याला वेळ लागतो, धीर लागतो.

मात्र ट्यूब सुटली तरी ती हातात का आली, हा प्रश्न उरतोच. मराठीत 'सावळा' हा शब्द किती लाडाचा! विठ्ठलाला आपण त्याच शब्दाने हाक मारतो. मुलीचं स्थळ सांगताना मात्र तोच शब्द दबक्या आवाजात येतो आणि 'पण नाकीडोळी नीटस आहे' अशी पुस्ती जोडली जाते. आपल्या लेकी ते ऐकत असतात. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं, तर त्यातला 'पण' आपण तिथल्या तिथे खोडून काढू या. मुलीच्या कानावर तेवढं पडलं, तरी तिचा हात त्या ट्यूबकडे जाताना थबकेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)