शुचिता, अस्मिता, सुविधा : एका वस्तूची उपलब्धता आणि तिचे शब्द

मासिक पाळीच्या काळात वापरावयाची साधने गरीब कुटुंबांना कशी मिळावीत, हा प्रश्न सामान्यतः आरोग्यशास्त्राचा व अर्थकारणाचा मानला जातो. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु कोणतीही वस्तू माणसाच्या हाती पडावयाची, तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात : ती परवडली पाहिजे, ती जवळ मिळाली पाहिजे आणि ती मागता आली पाहिजे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वस्वी भाषेची आहे, आणि पहिल्या दोहोंचे यश पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या दृष्टीने रायपूर हे निरीक्षणास योग्य स्थळ होय. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. बाजाराची भाषा हिंदी, तर श्रमिकांच्या वस्त्यांतून छत्तीसगढी बोलली जाते. मराठी घरात या अवस्थेसाठी ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची असणे’, ‘दूर बसणे’, ‘अडचण’ असे शब्द रूढ होते. ते स्पर्श, अंतर किंवा गैरसोय सांगतात. ‘पाळी’ आणि हिंदीतील ‘महीना’ काळ सांगतात. शरीराची गरज त्यांपैकी एकही सांगत नाही. अशा शब्दांनी घरात सूचना देता येते, दुकानात मागणी करता येत नाही. मग दुकानदार न बोलता पुडी वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि शब्दाचा संकोच वस्तूला चिकटतो.

शासकीय योजनांची नावे पाहिली म्हणजे हा संकोच दुकानापुरता नाही हे ध्यानात येते. छत्तीसगढमध्ये शाळकरी मुलींसाठीच्या योजनेस ‘शुचिता’ असे नाव मिळाले. महाराष्ट्रात 8 मार्च 2018 रोजी सुरू झालेली योजना ‘अस्मिता’ ठरली, तर केंद्राच्या जनऔषधी दुकानांतील नॅपकिनला ‘सुविधा’ म्हटले गेले. ओडिशाने ‘खुशी’ हे नाव पत्करले आणि आंध्र प्रदेशाने ‘स्वेच्छा’. यांपैकी एकाही नावात पाळीचा उल्लेख नाही. त्यातही ‘शुचिता’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. शुचि म्हटले की अशुचि आपोआप गृहीत धरले जाते. ज्या विटाळाच्या कल्पनेला चौदाव्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगातून प्रश्न विचारला, तीच कल्पना या नावाने मागील दाराने आत येते. योजनाकारांचा हेतू चांगलाच होता. पण शब्दाला स्वतःची स्मृती असते.

आता किंमतीकडे वळू. 1 जुलै 2017 पासून सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के वस्तू व सेवा कर होता. जुलै 2018 मध्ये तो रद्द झाला. ‘सुविधा’ 2018 मध्ये अडीच रुपयांना एक अशी मिळू लागली व ऑगस्ट 2019 पासून तिची किंमत एक रुपया झाली. आई व दोन मुली अशा घरात दरमहा तीस नॅपकिन लागतात असे धरले, तर तेथील खर्च तीस रुपये येतो. बाजारात एकास पाच रुपये पडल्यास तोच दीडशे होतो. ‘अस्मिता’ योजनेत शाळकरी मुलीला आठ नॅपकिनांचे पाकीट पाच रुपयांना मिळे, मात्र तिच्या आईला त्यासाठी किमान चोवीस रुपये मोजावे लागत. म्हणजे मुलीची सोय झाली तरी आई जुन्या लुगड्याच्या तुकड्यावरच राहण्याचा संभव होता.

या तुकड्याचाही शासकीय भाषेत एक प्रश्न आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) 15 ते 24 वयोगटातील सुमारे 64 टक्के स्त्रिया सॅनिटरी नॅपकिन वापरत होत्या आणि 50 टक्के कापड. अनेकजणी दोन्ही वापरतात. परंतु सर्वेक्षणाच्या व्याख्येत ‘आरोग्यदायी साधन’ म्हणून कापडाची गणना होत नाही. वास्तविक धुतलेले, उन्हात वाळवलेले कापड निषिद्ध नाही. उणीव असते ती पाण्याची, साबणाची, आडोशाची आणि उघड्यावर वाळत घालण्याच्या धैर्याची. म्हणून कापड वापरणारीला नुसते नॅपकिन देऊन भागत नाही. तिला मोरी, नळ आणि निःसंकोच दोरीही हवी.

शब्द ऐकून घेतल्यावाचून उपाय सापडत नाही, हे छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोलीतील डॉ. राणी बंग यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. डॉ. अभय बंग यांच्यासह त्यांनी केलेल्या आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. इतके दुखणे मुकाट्याने सोसले जात होते. या स्त्रियांची शरीराविषयीची समज व बोली नोंदविणाऱ्या राणीताईंच्या ग्रंथाचे नाव ‘कानोसा’ आहे, हे अर्थपूर्ण आहे.

छत्तीसगढनेही एक योग्य शब्द दिला आहे. 2002 मध्ये तेथे सुरू झालेल्या आरोग्यसेविकांच्या उपक्रमास ‘मितानिन’ हे नाव लाभले. पुढे तो शहरी वस्त्यांतही पोचला. छत्तीसगढी लोकरीतीत विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रिणीला मितानिन म्हणतात, आणि हे नाते जन्मभर पाळले जाते. मैत्रिणीजवळ जे बोलता येते ते दुकानाच्या फळीवर बोलता येत नाही. शुचिता स्त्रीच्या ठिकाणी उणीव कल्पिते. मितानिन तिच्या शेजारी येऊन बसते. रायपूरच्या वस्तीतील आईला रुपयाचे नॅपकिन मिळावयाचे असेल, तर ते या दुसऱ्या शब्दाच्या हातून मिळण्याचा संभव अधिक आहे.