बंदुकीचा हक्क : पायरीपायरीने की एकदम?

मिळेल तेवढे पदरात पाडून पुढे सरकायचे, की पूर्ण हक्कापेक्षा कमी काही स्वीकारायचेच नाही, हा अमेरिकेतील बंदूकहक्काच्या समर्थकांमधला जुना वाद आहे. माझ्या मते इतिहासाचा कौल पहिल्या मार्गाला आहे. 1987 साली फ्लोरिडाने ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून बंदूक बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक केले आणि पुढे अनेक राज्ये त्या वाटेने गेली. अलास्का व ॲरिझोनाने 1994 मध्ये असे परवाने सुरू केले. परवान्याची सक्ती उठली ती अनुक्रमे 2003 आणि 2010 मध्ये. न्यायालयातही हाच क्रम दिसतो. 2008 च्या हेलर खटल्यात वकिलांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्यापुरताच प्रश्न मांडला. घराबाहेर ते बाळगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या ब्रुएन निकालात मान्य केला.

यावर विरोधक 1986 च्या संघीय कायद्याकडे बोट दाखवतात. त्याने बंदूकमालकांना सवलती दिल्या, पण नागरिकांसाठी नव्या मशीनगन बंद केल्या आणि ती बंदी आजही कायम आहे. आक्षेप वजनदार आहे, पण तो सौदेबाजीवरचा आहे. 1986 मध्ये सवलतींच्या बदल्यात नवी बंदी पत्करली गेली. फ्लोरिडात फक्त जुनी अट सैल झाली होती. मात्र परवान्यावरच समाधान मानू न देण्याचे श्रेय हट्टी गटांनाही द्यायला हवे. फ्लोरिडाने ती सक्ती अखेर 2023 मध्ये उठवली.